निलंबित

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेला धाकट्या बहिणीकडे पुण्याला गेलो होतो. ओवाळणं झालं, जेवणं झाली. बासुंदी जरा जास्तच झाल्यानं सगळे जाजमावर आडवेतिडवे लोळत होते. एवढ्यात भाची पत्त्यांचा एक जोड घेऊन आली. मला वाटलं, आता रमी नाहीतर बदाम सात. पण पत्ते नेहमीपेक्षा बरेच मोठे होते आणि प्रत्येकावर वेगळं चित्र होतं. ‘टॅरो’ असं तिनं सांगितलं. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. दिवसभर तर्कानं चालणारं काम करून झालं की तिला संध्याकाळी थोडं अतर्क्य लागतं, असं तिची आई म्हणते.

‘‘मामा, तूपण काढ ना एक पान.’’

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाचा विश्वास फक्त व्हाउचरवर असतो आणि तोही त्यावर दोन सह्या असतील तरच. पण सणाच्या दिवशी भाचीचं मन कशाला मोडा, म्हणून मी मधलं एक पान ओढलं.

पानावर बारा हा आकडा. इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा लाकडी खांब, त्याला मधूनच फुटलेली हिरवी पानं. त्या खांबाला एक तरुण उलटा टांगलेला. उजव्या पायाला दोर, डावा पाय गुडघ्यात मुडपून मागं घेतलेला. हात पाठीशी. डोकं खाली, केस खाली आणि डोक्याभोवती देवादिकांच्या तसबिरीत असतं तसं तेजोवलय.

‘‘अगं बाई, फाशी?’’ बहीण उठूनच बसली. ‘‘सणासुदीचं हे काय दादाच्या हातात दिलंस?’’

‘‘आई, तो मेलेला नाहीये. दोर गळ्याला नाही, पायाला आहे. चेहरा बघ ना त्याचा, किती शांत आहे! हँग्ड मॅन म्हणतात याला. मराठीत काय म्हणायचं रे मामा? टांगलेला माणूस?’’

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, ‘‘निलंबित.’’

सगळे हसले. बहीण हसली नाही. तिला १९९४ साल आठवलं असणार. मलाही तेच आठवलं होतं.

आपल्या भाषेत ‘लंब’ या धातूचा गोतावळा मोठा आहे. लंबक, विलंब, अवलंबून असणं, फायलीवरचं ‘प्रलंबित’ आणि नोकरदारांचा थरकाप उडवणारं ‘निलंबित’. सगळ्यांच्या मुळाशी लोंबणं आहे. सरकारी मराठी घडवणाऱ्यांनी हा शब्द योजला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र असेल-नसेल, पण शब्दानं आपलं चित्र सोडलेलं नाही. निलंबित म्हणजे टांगून ठेवलेला. काढून टाकलेला नाही, कामावरही नाही. जमीन पायाखालून गेली आहे आणि आभाळाला हात पोचत नाहीत.

त्या दुपारनंतर या बाराव्या पानानं माझा पिच्छा पुरवला. निवृत्त माणसाला एक नाद पुरतो. पुढचे दोन-तीन महिने मिळेल ते वाचत गेलो आणि भविष्य राहिलं बाजूला, भलतंच काही हाती लागलं.

पहिली गोष्ट म्हणजे टॅरो ही मुळात भविष्याची विद्या नाहीच. तो पत्त्यांचा खेळ आहे. इटलीच्या उत्तर आणि मध्य भागातल्या शहरांत १४४०च्या सुमारास तो खेळत होते, एवढं कागदोपत्री सापडतं. नेहमीच्या चार रंगांच्या ५६ पानांना २२ चित्रांची खास पानं जोडलेली, बहुतेक हुकमाची. एकूण ७८. राजेरजवाड्यांच्या घरी सोन्याचा वर्ख लावून ती रंगवत. फ्रान्स-ऑस्ट्रियात आजही लोक हा डाव मांडून बसतात आणि हरणाऱ्याचं भविष्य त्याच्या खिशापुरतंच बिघडतं. या पानांवरून भविष्य सांगण्याचा बोलबाला झाला तो अठराव्या शतकात, म्हणजे खेळ सुरू झाल्यावर तीनशेहून अधिक वर्षांनी.

मग त्या खेळात हा उलटा माणूस आला कुठून? त्याचं उत्तर वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

त्या काळच्या इटलीत एक शिक्षा होती. तिचं नावच ‘बदनामीचं चित्र’. तेराव्या ते सोळाव्या शतकापर्यंत ती चालली. गद्दार, अफरातफर करणारा, दिवाळं काढून लोकांचे पैसे बुडवणारा असा कोणी शहरातून पळून गेला आणि हाती लागेना, की नगरपालिका चित्रकाराला बोलावी आणि सरकारी इमारतीच्या भिंतीवर, चांगलं भररस्त्यात, त्या माणसाचं चित्र काढून घेई. माणूस ओळखू यावा असं आणि बहुधा एका पायानं उलटा टांगलेला. बाजाराला येणाराजाणारा बघे. घरच्यांना त्याच रस्त्यानं जावं लागे. जुन्या इटालियन याद्यांत या पानाचं नावही ‘गद्दार’ असंच आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पंधराव्या शतकातल्या एका जोडाची सतरा पानं आहेत. त्यातला टांगलेला माणूस दोन्ही हातांत पैशांच्या थैल्या घट्ट धरून लोंबतो आहे. हे चित्र पाहून कोणत्याही बँकवाल्याला शीर्षक सुचवावं लागणार नाही.

यातला एक योगायोग तर कादंबरीत घातला तर खोटा वाटेल. या खेळाचा सर्वांत प्रसिद्ध जुना जोड मिलानच्या ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झाच्या घराण्यासाठी १४५०च्या सुमारास रंगवला गेला. त्यातला टांगलेला माणूस आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. देखणा, कोवळा मुलगा, डोळे उघडे. आता, या ड्यूकचा बाप मुझिओ भाडोत्री सेनापती होता. १४१२ साली त्यानं पोप म्हणवणाऱ्या तेविसाव्या जॉनची चाकरी सोडून शत्रुपक्ष धरला, तेव्हा जॉननं त्याची चित्रं रोममध्ये पुलांवर आणि वेशींवर लावली. उजव्या पायानं उलटा टांगलेला. म्हणजे मुलगा राजवाड्यात जे पान हुकूम म्हणून टाकत असेल, ते एकेकाळी त्याच्या बापाचं चित्र होतं.

आणि चित्रकारांचं काय? फ्लॉरेन्समध्ये १४४० साली आंद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकारानं अशी बंडखोरांची चित्रं काढली. त्याला जन्मभराचं टोपणनाव मिळालं, ‘टांगलेल्यांचा आंद्रेआ’. बोत्तिचेल्लीसारख्या मोठ्या चित्रकारानंही १४७८ साली मेदिची घराण्याविरुद्ध कट करणाऱ्यांची अशी चित्रं भिंतीवर काढली. १५२९-३०च्या वेढ्यात हेच काम आंद्रेआ देल सार्तोकडे आलं. व्हसारी हा चरित्रकार सांगतो, की देल सार्तोला त्या जुन्या आंद्रेआसारखं नाव नको होतं, म्हणून त्यानं काम आपल्या शिष्याच्या नावावर घेतलं आणि स्वतः रात्री गुपचूप जाऊन भिंत रंगवली. टांगलेल्याची लाज टांगणाऱ्याच्या हाताला लागते, हे त्या माणसाला बरोबर ठाऊक होतं.

मला ते ठाऊक नव्हतं. मी खिडकीपाशी गेलो तो एवढ्यासाठी.

१९८८ सालची गोष्ट. तिशीतच मला एका खेडेगावातल्या शाखेचा मॅनेजर केलं होतं. दुष्काळी वर्षं होऊन गेली होती. विहिरीवरच्या मोटारींची, बैलजोडीची, शेळ्यांची कर्जं थकली होती. मार्च जवळ आला की वसुलीचा टक्का विचारणारी पत्रं वरून येत. मी जीपमधून वस्त्यावस्त्यांवर हिंडे. लोक चहा पाजत, पैसे देत नसत. तेव्हा मला एक कल्पना सुचली. कोणी लेखी आदेश दिला नव्हता, कल्पना माझीच. शाखेच्या दारात एक फळा होता, त्यावर ठेवींचे व्याजदर लिहिलेले असत. ते पुसून मी तिथं थकबाकीदारांची नावं लिहिली. खाली जामीनदारांचीही. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत मला सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं. ते सगळं वळण मी त्या फळ्यावर ओतलं.

जामीनदारांत दुसरं नाव गावातल्या एका गुरुजींचं होतं. प्राथमिक शाळेत मास्तर. कर्ज त्यांच्या चुलतभावाचं, मोटारीसाठी घेतलेलं. विहिरीला पाणी लागलं नाही. भाऊ मजुरीच्या शोधात गाव सोडून गेला होता. गुरुजी रोज शाळा सुटली की शाखेत येत, बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत, कोणा म्हातारीची स्लिप भरून देत. आमच्या शिपायाच्या मुलाला त्यांनी फुकट शिकवलं होतं.

फळा लिहिला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गुरुजी शाखेत यायचे थांबले. पगार काढायला मुलाला पाठवू लागले. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, आता हलतील, पैसे भरतील. यादीतल्या काहींनी खरोखरच भरले. कोणी दागिना मोडला, कोणी सावकाराकडून उचलले. माझा टक्का वाढला. वरून शाबासकीचं पत्र आलं. ते मी फायलीत नीट लावून ठेवलं.

पुढं १९९० साली केंद्र सरकारची दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी आली. त्या चुलतभावाचं कर्ज त्यात बसलं. खातं मिटलं. फळा तर मी केव्हाच पुसला होता. वहीतल्या नोंदींच्या हिशेबानं त्या गुरुजींचं बँकेला आणि बँकेचं त्यांना काहीही देणं राहिलं नव्हतं. पण ते बाकावर येऊन बसले नाहीत ते नाहीतच. रस्त्यात भेटले की नमस्कार करत आणि पलीकडच्या बाजूला जात. त्यानंतर माझी बदली झाली.

आता १९९४. एका तालुक्याच्या बाजारपेठेतली शाखा. एका कांदा व्यापाऱ्याचे बाहेरगावचे चेक मी खरेदी करत असे, म्हणजे चेक वटायच्या आधीच त्याला पैसे देत असे. बँकेच्या धंद्यात ही रोजची गोष्ट आहे, पण किती रकमेपर्यंत द्यायचे याला मॅनेजरच्या हुद्द्याप्रमाणे मर्यादा असते. हंगाम जोरात होता, माणूस जुना होता, वरच्या कचेरीची मंजुरी यायला आठवडा लागला असता. मी मर्यादा ओलांडली. तीन चेक परत आले. एक लाख ऐंशी हजार. व्यापारी गाव सोडून गेला. मी गावातच होतो.

निलंबनाचं पत्र एका मंगळवारी आलं. तिजोरीच्या माझ्याकडच्या किल्ल्या मोजून दुसऱ्याच्या हवाली केल्या, सह्या झाल्या आणि साडेअकराच्या उन्हात मी घरी आलो. इतक्या वर्षांत त्या वेळी मी घर पाहिलं नव्हतं. भिंतीवर उन्हाचा एक पट्टा पडतो हेही मला माहीत नव्हतं. पत्नीनं विचारलं, ‘‘बरं नाही का?’’ मी म्हटलं, ‘‘बरं आहे.’’ मग दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

ते अकरा महिने ज्यांनी काढलेत त्यांना सांगायला नको. सुरुवातीला निम्मा पगार, त्याला ‘निर्वाह भत्ता’ म्हणायचं. तो मिळावा म्हणून दर महिन्याला लिहून द्यायचं, की मी दुसरीकडं कुठं काम करत नाही. परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. पैसे काढायला आपल्याच शाखेत जायचं आणि काउंटरच्या दुसऱ्या बाजूला रांगेत उभं राहायचं. तिथून पहिल्यांदा मला दिसलं, की आमचा काउंटर किती उंच आहे. बुटक्या बायका टाचा उंचावून स्लिप देत. मी आत बसून तीन वर्षं पाहत होतो, पण मला फक्त त्यांचे हात दिसले होते.

मुलगा चौथीत होता. त्यानं एक दिवस विचारलं, ‘‘बाबा, तुम्हांला बँकेनं सुट्टी दिलीये की शिक्षा?’’ मी त्याला नीट उत्तर दिलं नाही. भाजीला मी दुपारी दोन वाजता जाऊ लागलो, कारण त्या वेळी मंडईत ओळखीचं कोणी नसे. भाजीही चांगली नसे.

एका रविवारी दारात गुरुजी उभे. दोन एसट्या बदलून आले होते. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. त्यांना कुठून कळलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. जेवले. मुलाची वही पाहिली, त्याच्या ‘ष’ची गाठ सुधारून दिली. बँकेचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. परतीच्या गाडीसाठी स्टँडवर सोडायला गेलो, तेव्हा गाडीत चढताना ते थांबले आणि एवढंच म्हणाले, ‘‘साहेब, बाजाराला नेहमीच्याच वेळेला जात जा. एकदा वेळ बदलली ना, की ती परत येत नाही. मला माहीत आहे.’’

गाडी गेली. त्या क्षणी मी त्यांची माफी मागायला हवी होती. मी नुसता हात हलवला.

दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी पाच वाजता मंडईत जाऊ लागलो. पहिल्या दिवशी पाय जड झाले होते. आठवड्यानं लोक बघायचे थांबले. त्याच महिन्यात मुलाच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून, शिवून मी लिहायला बसलो. तोवर मी शेरे आणि टिपणं याखेरीज काही लिहिलं नव्हतं. ती माझी पहिली कादंबरी. पुढं चौकशी झाली. हेतू वाईट नव्हता, पण अधिकार ओलांडला, असा निष्कर्ष निघाला. तो बरोबरच होता. दोन वेतनवाढी रोखल्या आणि मला परत घेतलं.

तर, असं हे बारावं पान. इटलीतल्या भिंतीवरची नालस्ती ते भाचीच्या जोडातलं तेजोवलय हा प्रवास कसा झाला, तेही सांगतो. १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानानं असा शोध लावला, की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचा ज्ञानग्रंथ. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियाँनं ती उलगडली १८२२ साली. त्यामुळं अडवणारं कोणी नव्हतं. त्यानं तर असंही म्हटलं, की हा माणूस मुळात सरळ उभा होता, तो ‘सावधपणा’ या सद्‌गुणाचं प्रतीक होता. अडाणी पत्तेवाल्यांनी तो उलटा छापला. इतिहास म्हणून हे साफ चूक. पण त्यातून लोकांना त्या माणसाकडं वेगळ्या नजरेनं पाहायची सवय लागली.

मग १९०९ साली लंडनच्या रायडर कंपनीनं नवा जोड काढला. कल्पना आर्थर वेट या गूढवादी लेखकाची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. भाचीच्या हातात होता तो हाच. वेटनं स्पष्ट लिहिलं आहे, की झाड जिवंत आहे, चेहऱ्यावर यातना नाहीत, तंद्री आहे. हे थांबून राहिलेलं आयुष्य आहे, मरण नव्हे. वलय, पानं, तो शांत चेहरा, सगळं पामेलाच्या हातचं. काम फार मोठं आणि पैसे फार थोडे, असं तिनं त्याच वर्षी एका स्नेह्याला पत्रात कळवलं होतं. तिचे पत्ते पुढं जगभर खपले. ती स्वतः १९५१ साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी वारली, तेव्हा कर्जात होती. देणी भागवायला तिच्या चीजवस्तूंचा लिलाव झाला. ऋणकऱ्याची बदनामी करणाऱ्या चित्राला जिनं तेज दिलं, ती ऋणातच गेली.

टी. एस. एलियटच्या १९२२ सालच्या ‘द वेस्ट लँड’मध्ये भविष्य सांगणारी एक बाई आहे. तिला पत्त्यांत हा टांगलेला माणूस सापडत नाही. कॉलेजात ही कविता शिकवली तेव्हा मला ओ का ठो कळलं नव्हतं. एलियट तेव्हा लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरी करत होता, हे नंतर वाचलं आणि उगाच जवळीक वाटली.

आता मूळ मुद्दा. भाचीच्या पुस्तकात या पानाचा अर्थ दिला आहे तो असा : थांबा, शरण जा, जग उलटं पाहा, त्यातून नवी दृष्टी मिळेल. माझ्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरला. टांगला गेलो नसतो तर मला काउंटरची उंची दिसली नसती आणि मी लेखक झालो नसतो. तरीही हा अर्थ मला पुरता पटत नाही. त्यात कोण बोलतंय हे सांगितलेलं नाही. टांगलेल्या माणसानं म्हणावं, की मला इथून जग वेगळं दिसलं. दोर बांधणाऱ्यानं ते म्हणू नये. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, ‘यातून काहीतरी चांगलंच होईल हो’ असं म्हणत त्याच्या खालून निघून जाऊ नये. माझ्या फळ्यानं गुरुजी शहाणे झाले, असं मी म्हणू शकत नाही. ते आधीच शहाणे होते. त्यांनी फक्त त्यांची संध्याकाळ गमावली.

आणि हे जुनं झालं, असं कोणी समजू नये. कर्जदारांचे फोटो वर्तमानपत्रात छापण्याचे प्रकार आपल्या बँकांनी केले आहेत. मिळकतकर थकला म्हणून महापालिका दारात बँड लावून वाजवतात आणि आपण गॅलरीतून बघतो. मोबाइलवरून पाच-दहा हजारांचं कर्ज देणाऱ्यांनी तर हद्द केली. हप्ता चुकला की कर्जदाराच्या फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना त्याची बदनामी, कधी फेरफार केलेले फोटोही पाठवायचे. या प्रकारांनी लोकांचे जीव गेले. २०२२ साली रिझर्व्ह बँकेनं डिजिटल कर्जांसाठी नियम काढले, तेव्हा कुठं थोडा लगाम बसला. फ्लॉरेन्सला निदान एक भिंत लागायची आणि चित्रकार लागायचा.

मी बँकवाला आहे. पैसा बुडाला तरी चालेल असं मी म्हणणार नाही. तो ठेवीदारांचा असतो, कुणा विधवेचा, कुणा पेन्शनरचा असतो. वसुली झालीच पाहिजे. त्यासाठी न्यायाधिकरणं आहेत, २००२ सालचा तारणावर जप्ती आणणारा कायदा आहे, नोटीस आहे, तडजोड आहे. हे सगळे मार्ग माणसाच्या मालमत्तेपाशी थांबतात. फळा त्याच्या पलीकडं जातो. आणखी एक. इटलीत ते चित्र पळून गेलेल्याचं काढत, कारण तो सापडत नसे. आपण मात्र बहुधा घरी सापडणाऱ्याचंच नाव लिहितो. माझ्या यादीत गाव सोडून गेलेल्या भावाला काय फरक पडला? फरक पडला तो गावात राहिलेल्याला, ज्यानं विश्वासावर सही केली होती त्याला. लाज ही ज्याला आहे त्यालाच लागते. म्हणूनच वसुलीचं हत्यार म्हणून ती फार स्वस्त आहे आणि म्हणूनच ती वापरू नये.

वाचकांपैकी कोणी आज फळा लिहिण्याच्या जागेवर असतील. शाळेत फी न भरलेल्या मुलांची यादी असेल, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर देखभाल खर्च थकवलेल्यांची असेल, कुटुंबाच्या व्हॉट्‌सॲप गटावर कोणाची चूक जाहीर करायची असेल. हातात खडू घेण्याआधी त्या माणसाच्या घरी एकदा चहा प्यायला जावं, एवढंच माझं सांगणं.

त्या दिवशी मी ते पान भाचीला परत देताना सहज उलटं धरलं. तुम्हीही करून पाहा. दोर दिसेनासा होत नाही, पण माणूस एका पायावर उभा राहून दुसरा पाय दुमडून नाचतो आहे असं वाटतं. भाची म्हणाली, ‘‘मामा, काय दिसलं?’’ मी म्हटलं, ‘‘एक गुरुजी दिसले.’’ तिला वाटलं मी थट्टा करतोय.

गुरुजी आता नाहीत. त्यांच्या मुलानं कळवलं तेव्हा मी दुसऱ्या राज्यात होतो, जाता आलं नाही. जी माफी स्टँडवर मागायची राहिली ती अशी जाहीर मागावी, असं हा लेख लिहिताना खूप वाटलं. पण त्यांचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. एकदा लिहिलं होतं, तेवढं पुरे.